छपराची गळती : साधनें आणि रीति



मृग नक्षत्र लागावयास आतां थोडेच दिवस उरले आहेत. या दिवसांत आपल्या जिल्ह्यांत गवंडी शोधून सांपडत नाहीं, कारण जो तो आपल्या छपराच्या डागडुजीस लागलेला असतो. आणि ज्यानें आज आळस केला तो पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्रीं घरभर भांडीं मांडीत बसतो. बाजरीचीं पोतीं एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे ओढण्यांत ज्याची एखादी तरी रात्र गेली नाहीं असा मनुष्य माझ्या पिढींत विरळाच. तेव्हां छप्पर गळूं नये म्हणून काय वापरावें आणि तें कसें वापरावें, याचा आज थोडा विचार करूं.

बाजारांत गेलें म्हणजे हा प्रश्न सुटण्याऐवजीं अधिकच गुंततो. कोठें पांढऱ्या रंगाचे डबे, कोठें डांबरी कापडाच्या गुंडाळ्या, कोठें सिमेंटांत मिसळावयाचें औषध. आणि प्रत्येकावर इतक्या इतक्या वर्षांची हमी छापलेली. ज्याला आतां खेड्यापाड्यांतूनहि ‘वॉटरप्रूफिंग’ म्हणतात त्याची ही सारी सामग्री खोटी आहे, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु कोणतें द्रव्य लावावें हा दुसरा प्रश्न आहे. पाणी छपरावर थांबतें कां, हा पहिला. पहिल्याचें उत्तर न शोधतां दुसऱ्याकडे धांवणारा मनुष्य छपरावर एकावर एक थर चढवीत जातो, आणि त्यांत केवळ पैसाच जातो असें नाहीं. प्रसंगीं प्राणहि जातात. ही अतिशयोक्ति नव्हे, हें पुढें दिसून येईल.

आपल्या जिल्ह्याचा पाऊस सर्वत्र सारखा नाहीं. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, घाटघर आणि रतनवाडी या बाजूला, सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठीं कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तोच नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत आला कीं पांचशें-सहाशें मिलिमीटरांवर येऊन ठेपतो. आपल्या वाडवडिलांनीं हें अचूक ओळखलें होतें. म्हणून डोंगरांत त्यांनीं उतरत्या छपराचीं घरें बांधलीं, आणि पठारावर सपाट माळवदाचीं, म्हणजे धाब्याचीं.

माळवदाची रचना आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा दाट काटक्या, त्यांवर पाल्याचा थर, आणि सर्वांच्या वर पांढरीची माती. काळी माती येथें चालत नाहीं. ती ओली झाली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते. जुन्या गांवठाणाची पांढरी माती इतकी फुगत नाहीं; ती चोपली म्हणजे दाट बसते. पावसाची सर आली कीं हा थर कांहीं पाणी पितो, उरलेलें पन्हळींतून बाहेर टाकतो, आणि दुसऱ्या दिवशीं ऊन पडलें कीं प्यालेलें पाणी सोडून देतो. कमी पावसाच्या आणि पुष्कळ उन्हाच्या मुलखास याहून स्वस्त छप्पर दुसरें नव्हतें.

यांत दोष एकच होता. चार दिवस संततधार लागली कीं माती तृप्त होऊन गळूं लागे. आणि गळालें कीं घरधनी पुढच्या वैशाखांत आणखी चार टोपल्या माती वर टाकी. नगर तालुक्यांतील आमच्या जुन्या घराचें माळवद मीं उतरविलें, तेव्हां मातीचा थर मोजून पाहिला. तो दीड फूट भरला. मूळचा थर वीतभरहि नसावा. उरलेली सारी तीन पिढ्यांची डागडुजी होती. आतां हिशेब करूं. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी खोली घेतली, तर दीड फूट जाडीनें २२५ घनफूट माती होते. चोपलेली कोरडी माती घनफुटास सुमारें ४५ किलो भरते. म्हणजे एका खोलीवर दहा टनांचा भार, आणि तोहि कोरडा असतांना. पाऊस मुरला म्हणजे हाच भार बारा टनांपर्यंत जातो. आणि त्याच वेळीं खालच्या मातीच्या भिंती ओलीनें दुबळ्या होत असतात. त्याच खोलींत आम्ही भावंडें रांगेनें निजत होतों.

या भाराचा परिणाम काय होतो, हें महाराष्ट्रानें १९९३ सालीं पाहिलें. त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि शेजारच्या धाराशिव, तेव्हांच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांतील सास्तूर या भागांत भूकंप झाला. आदल्याच दिवशीं गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. तेथील घरें आपल्यासारखींच, दगड-मातीच्या जाड भिंतींचीं आणि माळवदाचीं. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या, त्यांवरची कित्येक वर्षांची साठलेली माती खालीं आली, आणि हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. भूकंप कोणाच्या हातचा नव्हता. परंतु गळती थांबविण्याकरितां वर्षानुवर्षें चढविलेला भार माणसांच्याच हातचा होता. ज्यांच्या घरांवर अजून माळवद आहे त्यांनीं ही गोष्ट मनांत धरावी. नवी माती घालावयाची असेल तर आधीं तेवढी जुनी काढावी. आणि थर फुटावर गेला असेल तर भर घालण्याचा विचारच सोडून तो उतरविण्याच्या मार्गास लागावें.

मातीनंतर चुना. आपलें नगर, ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानें वसविलें. त्या राजवटींतील चुन्याचें काम अद्याप उभें आहे. डोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती सोळाव्या शतकांतील होय. घुमटावर पाणी थांबतच नाहीं, ही त्यांतील पहिली युक्ति. आणि चुना, ही दुसरी. चुना सावकाश घट्ट होतो, हवेंतील कार्बन वायु शोषून पुन्हां दगडाच्या जातीचा बनतो, आणि त्यास बारीक केसासारखी चीर पडली तर पाण्यांत विरघळलेला चुनाच तेथें साठून ती बऱ्याच अंशीं बुजवितो. जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर चुना, विटेची भुकटी आणि विटांचे तुकडे यांचा कोबा करीत. त्यांत गूळ, बेलफळ, हिरडा यांचें पाणी घालीत, आणि बाया-माणसें ओळीनें बसून लांकडी चोपण्यांनीं तो दिवसचे दिवस चोपीत. चोपणें उसळून परत येऊं लागलें म्हणजे काम पुरें झालें असें समजत. असा कोबा आजहि करतां येतो. ज्यांच्या वाड्याची मूळ गच्ची चुन्याची आहे त्यांनीं तिची दुरुस्ति चुन्यानेंच करावी. चुन्यावर कडक सिमेंटाचा थर दिला तर दोघांचें जमत नाहीं. सिमेंट वेगळें सुटतें आणि मधल्या फटींत पाणी कोंडतें.

आतां सध्यांच्या घरांकडे वळूं. आज खेड्यांतहि स्लॅबचें घर होतें. लोखंडी सळया आणि सिमेंट-काँक्रीट यांचा हा स्लॅब दगडासारखा दिसतो, म्हणून तो हालत नाहीं असें आपण समजतों. वास्तविक तो रोज हालतो. मे महिन्यांत दुपारीं गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नाहीं, आणि पहाटे तीच गच्ची गार लागते. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३५ अंशांच्या फरकानें सुमारें चार मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. वर्षाचे आठ महिने हा खेळ चालल्यावर स्लॅब आणि कठड्याची भिंत यांच्या सांध्यांत, नळाच्या तोंडाभोंवतीं, जुन्या गिलाव्यांत चिरा पडतात. मग जूनमध्यें पाऊस येतो आणि त्या चिरा शोधून काढतो. आपण पावसास दोष देतों. परंतु पठारावरच्या तालुक्यांत छपराचा खरा शत्रु ऊन आहे. म्हणून आपल्याकडे द्रव्य निवडतांना तें पाणी अडवितें काय, एवढेंच विचारून भागत नाहीं. तें ऊन किती वर्षें सोसतें, हेंहि विचारावें लागतें.

द्रव्य विकत घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, ओल खरोखर पावसाची आहे काय? पाऊस उघडून महिना झाला तरी डाग ओलाच असेल, तर बहुधा दोष पाण्याच्या टाकीचा, नळाचा किंवा न्हाणीघराचा असतो; त्यावर गच्चीला काहींहि लावलें तरी व्यर्थ. दुसरी, पाणी कोठें साठतें? पाऊस थांबल्यावर तासाभरानें वर जाऊन पाहावें आणि जेथें डबकें दिसेल त्याच्या कडेनें खडूची रेघ ओढावी. तिसरी, स्लॅबची खालची बाजू कशी आहे? लोखंड गंजलें म्हणजे तें मूळच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतें आणि खालचें काँक्रीट फोडून काढतें. छताचे पोपडे पडून सळया दिसूं लागल्या असतील तर तो वॉटरप्रूफिंगचा रोग राहिला नाहीं. तेथें इंजिनियरास दाखवून आधीं स्लॅब दुरुस्त करावा. अशा स्लॅबवर कोब्याचा भार घालणें म्हणजे थकलेल्या बैलावर दुसरी गोणी लादणें होय.

यानंतर उतार. शंभर फुटांस एक फूट, म्हणजे दहा फुटांस सुमारें सव्वा इंच, इतका उतार गच्चीस असावाच. तो डोळ्यांनीं न ठरवितां पाणसळीनें ठरवावा. एक इंच पाऊस हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारें तेवीसशें लिटर पाणी टाकतो. त्याला बाहेर पडावयास वाट हवी. साधारण चारशें चौरस फुटांस चार इंची एक नळ धरावा. आणि गच्ची लहान असली तरी नळ दोन ठेवावे, कारण एकाच्या तोंडाशीं पिंपळाचें पान अडकलें तर दुसरा वाचवितो. उतार आणि नळ यांवर केलेला खर्च हाच वॉटरप्रूफिंगचा पहिला खर्च समजावा.

आतां द्रव्यांचा विचार. सर्वांत परिचित तो विटांच्या तुकड्यांचा सिमेंटांतला कोबा. चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे पाण्यांत भिजवून उतारावर बसवितात, फटी सिमेंट-वाळूनें भरतात, आणि वर गुळगुळीत थर देऊन त्यावर चौकटी आंखतात. याचे गुण दोन. उतार आपोआप साधतो, आणि खालच्या खोलींत उष्मा कमी होतो. दोषहि दोन. चार इंची कोबा चौरस मीटरास सुमारें दोनशें किलो भरतो, म्हणजे हजार चौरस फुटांवर अठरा-वीस टन. आणि एकदां त्यास चीर पडली कीं विटा पाणी पिऊन बसतात. मग चीर एका टोंकास आणि गळती दुसऱ्या टोंकास, अशी फसगत होते. म्हणून नव्या, भक्कम स्लॅबवर कोबा उत्तम. परंतु जुन्या गळक्या कोब्यावर दुसरा कोबा कधींहि घालूं नये. आधीं जुना काढावा, आणि काढतांना मोठा घण न वापरतां हलक्या हातानें काढावा. कोब्यावर पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे बसविले तर ऊन परतून जातें आणि कोब्याचें आयुष्य वाढतें.

दुसरें द्रव्य, सिमेंटाची भुकटी आणि रबरासारखा चिकट द्रव एकत्र करून कुंच्यानें लावावयाचा लेप. याचें वजन नगण्य. पृष्ठभाग किंचित् ओलसर असला तरी हा धरतो. एक हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा, आणि सांध्यांवर मधोमध काचेच्या धाग्यांची जाळी, अशी याची रीति. जेथें वावर असतो तेथें यावर गिलाव्याचें किंवा फरशीचें पांघरूण द्यावें. न्हाणीघरें, टाक्या आणि कठड्याचे कोपरे यांस हा लेप विशेष उपयोगी.

तिसरें, पांढरा अॅक्रिलिक लेप. हा ताणला जातो, ऊन परतवितो आणि स्वस्तांत होतो. पाऊस कमी आणि ऊन फार अशा आपल्या पठारास तो मानवतो. परंतु तो पातळ असतो, साठलेल्या पाण्याखालीं टिकत नाहीं, आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां द्यावा लागतो. ज्या गच्चीस उतार नाहीं तिला तो लावणें म्हणजे पैसा डबक्यांत टाकणें होय.

चौथें, डांबरी पडदा. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या या गुंडाळ्या ज्योतीनें तापवून चिकटवितात आणि एका पट्टीवर दुसरी चार इंच चढवितात. पाणी अडविण्यास हा पडदा बलवान्, परंतु उघडा ठेवला तर उन्हानें कडक होऊन तडकतो; म्हणून त्यावर खनिज कणांचा थर, पांढरा रंग किंवा फरशी हवी. तो पूर्ण कोरड्या स्लॅबवरच लावावा. हें ज्ञान मला फुकट मिळालें नाहीं. एका वर्षीं वळवाचा पाऊस होऊन गेल्यावर तिसऱ्याच दिवशीं मीं घाईनें तो पडदा बसवून घेतला. कंत्राटदार नको म्हणाला नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. स्लॅबमध्यें कोंडलेली ओल पुढच्या उन्हाळ्यांत वाफ होऊन वर आली, पडद्यास पुऱ्यांसारखे फुगे आले, आणि तिसऱ्या पावसाळ्यांत पहिल्याहून अधिक गळूं लागलें. यांत अपराध डांबराचा नव्हता, घाईचा होता.

पांचवें, पॉलियुरेथेनचा लेप. तो ताणण्यांत सर्वांहून सरस, परंतु महाग. त्यासहि कोरडा स्लॅब आणि जाणता कारागीर लागतो. ज्या गच्चीवर चिरा वारंवार उघडतात तेथें त्याचा विचार करावा.

द्रव्य कोणतेंहि असो, रीति न पाळली तर तें वायां जातें. पृष्ठभाग तारेच्या कुंच्यानें घांसून धुवावा. चिरा व्ही आकाराच्या उघडून भरून घ्याव्या. वरून नुसत्या सारवूं नयेत. गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यांत सिमेंटाची गोलाई द्यावी आणि लेप कठड्यावर फूटभर चढवावा, कारण दहांतील बहुतेक गळत्या सपाटीवर नसून कडेला असतात. नळाच्या तोंडाशीं लेप आंतपर्यंत उतरवावा. सिमेंटाचें काम असेल तर किमान सात, शक्य तर चौदा दिवस पाणी मारावें. आपल्याकडच्या मे महिन्याच्या वाऱ्यांत जो पाणी मारण्यांत कसर करतो, तो स्वतःच चिरा पेरतो. शेवटीं नळ बुजवून दोन इंच पाणी दोन दिवस कोंडून पाहावें. ही परीक्षा भक्कम स्लॅबवरच घ्यावी, आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता ती उतरल्यावरच द्यावा. हमीच्या कागदापेक्षां ही हमी खरी.

अकोल्याच्या डोंगरांत मात्र हें शास्त्र थोडें बदलतें. तेथें पाणी अडविण्याचा हट्ट न धरतां तें पळवून लावावें लागतें. मंगलोरी कौलांस दोन फुटांस एक फुटाहून उतार कमी ठेवूं नये. पत्रा असेल तर स्क्रू नालीच्या खोलगटींत न मारतां माथ्यावर मारावा, त्याखालीं रबरी चकती घालावी, आणि ती कडक झाली कीं बदलावी. चार रुपयांच्या चकतीसाठीं अख्खा पत्रा डांबरानें माखणारे लोक मीं पाहिले आहेत. तेथेंहि चूक तीच. वाट शोधावयाची सोडून थर चढवावयाचा.

समारोप करतों. आपल्या जिल्ह्यांतील हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धि या गांवांनीं शिवारांतील पाणी अडवून जिरविण्याचा धडा साऱ्या देशास दिला. शिवारांत पाणी अडवावें, हें खरें. परंतु छपरावर अडवूं नये. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पांचशें मिलिमीटर पावसांत सेहेचाळीस हजार लिटरांहून अधिक पाणी पडतें. तें छपरावर राहिलें तर सळया कुजवितें. खालीं उतरवून शोषखड्ड्यांत सोडलें तर उन्हाळ्यांत विहिरीस उपयोगी पडतें. तेव्हां येत्या रविवारीं एक खडू घेऊन गच्चीवर जावें आणि घागरभर पाणी ओतून तें कोणत्या दिशेस जातें हें पाहावें. तें नळाकडे धांवलें तर आपलें अर्धें काम झालेंच आहे. तें जागच्या जागीं थबकलें, तर दुकानांत जाण्यापूर्वीं पाणसळ हातीं घ्यावी.